खोडरबराचा शनिवार

सकाळी सहा. मे महिन्यात नगरला डोक्याचं काही काम करायचं असेल तर ते ऊन चढायच्या आत उरकावं. चहा घेतला, स्वयंपाकघरातलं कालनिर्णय खिळ्यावरून काढलं आणि पिशवीत घातलं. "मग आजचा दुधाचा खाडा कुठं मांडायचा?" आतून आवाज आला. दाराच्या मागं खडूनं मांडा म्हटलं आणि निघाले.

आज 16 मे 2026. चर्चमधल्या पाचवी ते सातवीच्या मुलांचं पुढच्या वर्षाचं कॅलेंडर आज ठरवायचं आहे. एसटीत अर्ध्या तिकिटाची जी शेवटची दोन-तीन वर्षं असतात, त्या वयाची ही मुलं. शब्बाथ शाळेत लहानग्यांबरोबर उभी केली की कृतिगीताला हात वर करायची त्यांना लाज वाटते. तरुण संघात त्यांना कुणी घेत नाही, आणि घेतलंच तर खुर्च्या मांडायला. पूर्वी ती शब्बाथ शाळेच्या शेवटच्या बाकावर बसून एकमेकांना चिमटे काढायची आणि सातवी-आठवीत हळूच दिसेनाशी व्हायची. म्हणून काही वर्षांपूर्वी त्यांचा वेगळा वर्ग केला. मी शाळेत शिकवते. सुट्टीतला वेळ तिथंच जातो.

साडेसातला हॉल उघडला. गेल्या आठवड्यात व्हीबीएस (सुट्टीतली बायबल शाळा) संपलं, त्याचा पसारा तसाच होता: थर्माकोलचं गलबत, अर्धवट फुगे, चिकटपट्टीला लटकलेली वचनं. गलबत कोपऱ्यात सरकवून जमिनीवर खाकी कागद अंथरला आणि रविवारांचे चौकोन आखायला घेतले. 7 जूनपासून पुढच्या 30 मेपर्यंत बावन्न.

आठ वाजता आबा आले. निवृत्त मास्तर, चर्चमध्ये अनेक वर्षं लेखनिकाचं काम केलेले. त्यांच्यामागून आमचा तबलजी, जो याच वर्गातून मोठा झाला आणि आता बीएस्सीला आहे. वडाळ्याच्या ताई अजून यायच्या होत्या.

पहिला वाद दरवर्षीचाच: वर्ष कधी सुरू करायचं? कालनिर्णय जानेवारीला सुरू होतं. चर्चचं उपासना-वर्ष आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी उघडतं, म्हणजे यंदा 29 नोव्हेंबरला. हिशेबाचं वर्ष 1 एप्रिलचं, कारण ऑडिटर तसं मागतो. आणि मुलांचं वर्ष जूनचं. कमिटीला जानेवारी ते डिसेंबर लागतं, फलकावर छान दिसतं म्हणून. माझं म्हणणं साधं आहे. मूल पाचवीतून सहावीत जातं ते 15 जूनला. नवं दप्तर, नवा बाक, नव्या वर्गशिक्षिका. त्याच्या दृष्टीनं वर्ष बदललं. आपण त्याला 1 जानेवारीला नवीन वर्ग म्हटलं तर ते फक्त मान डोलावतं. त्यामुळे कागदावर पहिला चौकोन जूनचाच.

नऊला खोडायला सुरुवात केली. कॅलेंडर करायचं म्हटलं की उत्साही माणसं आधी भरायला घेतात: प्रश्नमंजूषा, सहल, पाठांतर स्पर्धा, नाटक, आजी-आजोबा दिन. आमच्याकडे आधी खोडरबर चालतं. मुलं ज्या रविवारी येणारच नाहीत ते रविवार काढायचे, उरतील तेवढेच आपले.

7 आणि 14 जून गेले. शाळा उघडल्या नसतात, मुलं मामाकडून परतलेली नसतात. मग आबांनी चष्मा पुसून कालनिर्णय उलगडलं. यंदा उद्यापासून अधिक ज्येष्ठ लागतोय, त्यामुळे सगळे सण पुढं सरकलेत: गणपती 14 सप्टेंबरला, दसरा 20 ऑक्टोबरला, लक्ष्मीपूजन थेट 8 नोव्हेंबरला, तेही रविवारी. आमच्या मुलांच्या घरी लक्ष्मीपूजन नसतं, पण दिवाळीची सुट्टी असतेच, आणि सुट्टीत कोण नगरला थांबतं? 1, 8 आणि 15 नोव्हेंबर खोडले. 20 डिसेंबरला नाताळची तालीम आणि कॅरोल, 27 डिसेंबर आणि 3 जानेवारीला झोप. तेही गेले.

शिष्यवृत्ती परीक्षेसाठी एक रविवार. ही परीक्षा रविवारीच असते. पूर्वी ती पाचवीला आणि आठवीला होती, आता चौथीला आणि सातवीला गेली, म्हणजे आमच्या वर्गातल्या सातवीवाल्यांच्या डोक्यावर. ज्या रविवारी येईल त्या रविवारी वर्ग नाही. तारीख लागेपर्यंत फेब्रुवारीत एक चौकोन आडव्या रेघांनी भरून ठेवला.

पुढच्या मार्चला आबा खुलले. ईस्टर ते पाठ करत नाहीत, पौर्णिमेवरून काढतात. होळीची पौर्णिमा 21 मार्चच्या पुढं गेली, की लगेचच्या रविवारी ईस्टर. ती त्याआधी येऊन गेली असेल, तर हनुमान जयंतीच्या पौर्णिमेची वाट बघायची. यंदा होळीची पौर्णिमा 3 मार्चलाच झाली, म्हणून हनुमान जयंतीनंतर 5 एप्रिलला ईस्टर आला. पुढच्या वर्षी धुळवड 22 मार्चला, तेव्हा ईस्टर 28 मार्चला. म्हणजे झावळ्यांचा रविवार 21 तारखेला आणि त्याच संध्याकाळी गावभर होळ्या.

"म्हणजे सकाळी झावळी, संध्याकाळी बोंब," तबलजी म्हणाला. आबांनी त्याच्याकडे चष्म्यावरून पाहिलं, पण हसले.

ते दोन्ही रविवार मोठ्या उपासनेचे, वर्ग नाही. एप्रिलमध्ये वार्षिक परीक्षा, तीन गेले. मे महिन्याचे पाचही गेले. तेव्हा व्हीबीएस असतं आणि त्याचा बाज वेगळा. तिथं एकच गोष्ट लिहून ठेवली: 9 मे 2027 ला रविवार आहे आणि ना. वा. टिळकांचा स्मृतिदिनही. ते 1919 साली गेले. नगरच्या मुलांना त्यांची दोन-तीन भजनं तरी पेटी-तबल्यावर म्हणता यावीत. व्हीबीएसच्या तयार गाण्यांना ट्रॅक असतो, नाच असतो, आणि जूनपर्यंत मुलं ती विसरलेली असतात. भजनाची तालीम तबलजीनं जुलैत मागून घेतली. 25 जुलैला आषाढी, त्याआधी निवृत्तिनाथांची पालखी नगरवरून जाते, तेव्हा टाळाचा ठेका मुलांच्या कानात बसलेलाच असतो. टिळकांनी अभंगाचा छंद उपासनेत आणला तो याच भागात राहून. तालासाठी मुलांना लांब न्यायला नको.

बावन्नातून एकोणीस गेले. तेहतीस उरले.

ताई पोचल्या तेव्हा साडेदहा होऊन गेले होते. घामाघूम. आज शनिवार, अमावस्या आणि वर शनी जयंती. तिन्ही एकत्र आल्यावर शिंगणापूरला जी गर्दी होते तिनं घोडेगाव फाट्यावर संभाजीनगरचा रस्ता बंद पाडला होता. "सकाळी सहाच्या एसटीत बसलेय मी," त्या म्हणाल्या, "आणि कंडक्टर म्हणतो, बाई, तुम्ही उलट्या दिशेला कुठं चाललात?" पाणी प्यायल्या आणि पिशवीतून वही काढली.

त्या वहीमुळे सकाळचं निम्मं काम उलटंपालटं झालं.

ताई वडाळ्याला राहतात, पण शेवगाव-पाथर्डीकडच्या वस्त्यांवरची मुलंही त्यांच्याकडे आहेत. रविवारचा वर्ग त्यांचा तिकडेच होतो, धडे मात्र आमचेच. आणि वर्षातून चार वेळा सगळी मुलं नगरला एकत्र येतात. सहल, पाठांतर स्पर्धा, नाताळचं नाटक, एक दिवसाचं शिबिर. हे चारही कार्यक्रम आजवर नोव्हेंबर ते फेब्रुवारीत व्हायचे. कारण उघड आहे: थंडी असते, रस्ते कोरडे असतात, नाताळचं वातावरण असतं. कागदावर ते अगदी शहाणपणाचं दिसतं.

ताईंनी वही उघडून नावांवरून बोट फिरवलं. यातल्या कितीतरी घरांचे आईबाप ऊसतोडीला जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती फेडायला दसरा-दिवाळीच्या सुमारास ट्रकमध्ये संसार भरायचा आणि कोल्हापूर-सांगली, नाहीतर कर्नाटकात एखाद्या कारखान्याच्या फडात जायचं. परत यायचं ते मार्च-एप्रिलात. लहान मुलं बरोबर जातात. दहा-बारा वर्षांची तर हमखास, कारण धाकट्या भावंडांना सांभाळायला तीच असतात. काही जण आजीपाशी किंवा गावातल्या हंगामी वसतिगृहात राहतात, एखाद्याला कारखान्यावर साखरशाळा मिळते. बाकीच्यांची शाळा सहा महिने सुटते आणि चर्चही.

"म्हणजे तुमचे चारी कार्यक्रम," ताई शांतपणे म्हणाल्या, "आमची पोरं फडावर असताना."

हे आम्हाला माहीत नव्हतं असं नाही. पाथर्डीच्या बाजूला कोण कुठं जातं हे नगर जिल्ह्यात सगळ्यांना ठाऊक असतं. पण माहीत असणं आणि ते चौकोनात उतरणं यात बरंच अंतर आहे. हजेरीच्या वहीत डिसेंबरात गैरहजर, गैरहजर असं लिहिलं जातं, आणि वर्षअखेरीला पूर्ण हजेरीचं बक्षीस शहरातल्या मुलाला मिळतं. त्यानं ते मिळवलेलं असतं हेही खरं.

मग चर्चा तापली. सहल पावसात नेणार कशी? आबांचं म्हणणं, डोंगरगणला श्रावणात चिखल असतो. तबलजीचं म्हणणं, श्रावणात तिथं पाणी असतं, फेब्रुवारीत काय बघायचं, दगड? मी दोघांच्या मधे चांदबीबी महाल सुचवला. तो महाल नाही आणि चांदबीबीचाही नाही, सलाबतखानाची कबर आहे, हे सांगायला आबांना फार आवडतं. मुलांना चढायला आणि वाऱ्यात ओरडायला आवडतं. शिवाय वर छप्पर आहे. सहल 22 ऑगस्टला ठरली. पाठांतर स्पर्धा 2 ऑक्टोबरला, शुक्रवारी, सुट्टी आहे आणि दसऱ्याला अजून अडीच आठवडे. शिबिर जुलैच्या शेवटी हॉलमध्येच.

नाटक राहिलं. नाताळ काही ऑगस्टला आणता येत नाही. ताई म्हणाल्या, निदान नाटकात मोठी भूमिका आहे म्हणून वस्तीवरच्या मुलाला तालमीला बोलवू नका. तो दोन महिने पाठ करतो आणि दिवाळीनंतर ट्रकमध्ये बसतो. त्याऐवजी मेंढपाळांचं गाणं त्याच्याकडून ऑगस्टातच बसवून घ्या. फडावर पंचवीस तारखेला तो ते तिथल्या मुलांना शिकवेल. मी हे आहे तसं लिहून घेतलं. हजेरीचं बक्षीसही बदललं: जून ते ऑक्टोबर एक, बस्स.

एक वाजला. ताईंनी बाजरीच्या भाकरी आणल्या होत्या, माझ्याकडे शेंगदाण्याची आमटी. पंखा गरम हवा खाली ढकलत होता. जेवल्यावर तबलजी कपाटात स्केचपेन शोधत असताना बालबोधमेवाचे जुने बांधीव अंक निघाले. आबांनी पानं उलटली. अमेरिकन मराठी मिशननं हे मुलांचं मासिक 1872 मध्ये काढलं. "दीडशे वर्षांपूर्वी आपल्या लोकांनी मुलांसाठी छापखाना चालवला," ते म्हणाले, "आणि आज संध्याकाळी आपल्याला कमिटीकडे दहा मिनिटं मागायचीत." ऑगस्टमध्ये एका रविवारी यातली गोष्ट वाचायची, असा एक चौकोन भरला. पानं फार ठिसूळ झालीत. फोटो काढून वाचावी लागतील.

दोनपासून धडे. हे काम सकाळपेक्षा सोपं, कारण रविवार मोजकेच आहेत. पहिल्या दिवशी, 21 जूनला, लूकच्या दुसऱ्या अध्यायातली गोष्ट: बारा वर्षांचा येशू मंदिरात शास्त्र्यांच्या मधे बसून ऐकतोय आणि प्रश्न विचारतोय, आणि आईबाप तीन दिवस त्याला शोधतायत. बाळ येशू आणि मोठा येशू यांच्या मधली शुभवर्तमानातली ही एकच गोष्ट, आणि ती नेमकी या वयाची. मुलांना त्यात शास्त्री आवडत नाहीत, "न सांगता गेला तरी त्याला मार का नाही बसला" हे आवडतं. तिथूनच प्रश्नपेटी सुरू करतो. बुटाचं खोकं, वर चीर, चिठ्ठीवर नाव नाही.

गेल्या वर्षाच्या चिठ्ठ्या मी जपून ठेवल्यात. डायनासोर कधी मेले. कुत्रा स्वर्गात जातो का. आजीला देवानं बरं का नाही केलं. आणि सप्टेंबरात हमखास, वेगवेगळ्या हस्ताक्षरांत: मित्राच्या घरी आरतीला उभं राहिलं तर चालतं का, मोदक खाल्ला तर पाप लागतं का. हा प्रश्न नगरच्या ख्रिस्ती मुलाला पुस्तकातून पडत नाही. त्याच्या गल्लीत मांडव असतो, वर्गणी मागायला त्याचाच बेस्ट फ्रेंड येतो. पूर्वी आम्ही गणपतीचे रविवार दावीद आणि गल्याथावर काढायचो. सोयीचं होतं. यंदा 13 सप्टेंबरच्या, म्हणजे चतुर्थीच्या आदल्या रविवारच्या चौकोनात मी सरळ लिहिलं: मोदक.

तेवढ्यात पाळकसाहेब डोकावले. "सलाम, सलाम. काय, झालं का वर्ष?" खाली वाकून कागद वाचला आणि त्या चौकोनावर थांबले. मला वाटलं, आता खोडा म्हणतात. पौलानं करिंथकरांना नैवेद्याच्या मांसाबद्दल काय लिहिलं ते पुन्हा वाचावं लागेल, असं काहीसं पुटपुटले, मग म्हणाले, "त्या रविवारी वर्ग मी घेतो. पण आधी मुलांचं ऐकायचं, मला मधे बोलू देऊ नका." हे त्यांना जमेल असं मला वाटत नाही. तरी चौकोनात त्यांचं नाव लिहिलं.

चारला चहा आणि रुक्ष भाग. प्रत्येक वर्गात दोन मोठी माणसं, त्यातली एक बाई. सहलीला पालकांचं सहीचं पत्र, फोन नंबर, दम्याची किंवा फिट्सची माहिती. मुलाला एकटं घरी सोडायला कुणी दुचाकीवरून न्यायचं नाही, मग तो कितीही भला माणूस असो. 2012 च्या पॉक्सो कायद्यावर एकदा वकिलांना बोलवायचं, शिक्षकांसाठी, जूनच्या आत. आबांना हे पटायला वेळ लागला. त्यांच्या काळात सगळी मुलं सगळ्यांची होती. ताईंनी त्यांना एक प्रसंग हळू आवाजात सांगितला. त्यानंतर आबांनीच पत्राचा मसुदा सुवाच्य अक्षरात लिहून दिला.

साडेसहाला पास्टरेट कमिटी. खाकी कागद भिंतीला लावला. सेक्रेटरीसाहेबांनी तेहतीस आकडा बघितला आणि विचारलं, "बाई, बाकीचे एकोणीस रविवार मुलं करणार काय?"

"सुट्टीत गावाला नसतील ती आपल्या शेजारी बसतील," मी म्हटलं.

खुर्च्या किंचित कुरकुरल्या. मुलांचा वर्ग म्हणजे मोठ्यांच्या उपासनेत शांतता, हा हिशेब कुणी बोलून दाखवत नाही, पण असतो. पाळकसाहेब म्हणाले, मग मला उपदेश आखडता घ्यावा लागेल. त्यावर पहिल्यांदाच सगळी कमिटी एकमतानं हसली, आणि तो मुद्दा संपला.

खरी झुंज 29 नोव्हेंबरची. उत्तर भारताची मंडळी, सीएनआय, 29 नोव्हेंबर 1970 ला नागपूरला स्थापन झाली. तो दिवस दरवर्षी पाळतात. यंदा तो रविवारी येतोय आणि त्याच दिवशी आगमनकाळाचा पहिला रविवार. दोन्हीचे कार्यक्रम, बिशपांचं पत्र, महिला मंडळाचं गीत, वर प्रीतिभोजन. मुलांची पहिली मेणबत्ती आणि वाचन त्यातून अलगद गळालं होतं. कुणी मुद्दाम काढलं नव्हतं. मी दहा मिनिटं मागितली. पाच देऊ म्हणाले. आबा उभे राहिले आणि 1872 पासून सुरुवात केली. बालबोधमेवाच्या दुसऱ्या वर्षापर्यंत पोचायच्या आत दहा मिनिटं मंजूर झाली.

जानेवारी-डिसेंबरचा तक्ता फलकासाठी वेगळा करून द्यायचं मी कबूल केलं. दिसू दे छान. सहलीच्या खर्चावर कुणी काही बोललं नाही, कारण वस्तीवरच्या मुलांचं एसटीभाडं आबांनी स्वतःच्या नावावर आधीच लिहून टाकलं होतं. हे मला कमिटीतच कळलं.

रात्री साडेनऊला सगळं मोबाइलवर टाइप करून पालकांच्या ग्रुपवर टाकणार, एवढ्यात ताईंचा फोन आला. त्या पोचल्या होत्या, शिंगणापूरची गर्दी ओसरली होती. "बाई, 2 ऑक्टोबर चालेल, पण वस्तीकडं जाणारी शेवटची गाडी शेवगावहून साडेपाचला सुटते. पोरांना तीनला नगर सोडावं लागेल."

फाइल परत उघडली. स्पर्धा दहाला, जेवण साडेबाराला, त्यानंतर प्रमुख पाहुण्यांचं मार्गदर्शन, मग बक्षिसं. बक्षिसं जेवणाआधी घेतली आणि पाहुण्यांचं मार्गदर्शन काढून टाकलं.